कामचुकारपणाचे विनोद सीआयएने शिकवले, हे खरं नाही

गेल्या महिनाभरात एकच फॉरवर्ड मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात सीआयएने एक गुप्त पुस्तिका लिहिली. नोकरीत राहून काम कसं टाळायचं, मिटिंगा कशा लांबवायच्या, साहेबाला कसं हैराण करायचं, हे तीत सांगितलं होतं. ती आता फुटली आहे. नोकरीतून सुटका करून घेण्याचे जे विनोदी सल्ले ऑफिसांत फिरतात, ते सगळे तिच्यातूनच आले. आणि तुमच्या कंपनीत रोज जे चालतं, तेही तिच्याबरहुकूमच.

पुस्तिका खरी आहे. ‘सिंपल सॅबोटाज फील्ड मॅन्युअल’ हे तिचं नाव, म्हणजे साध्यासुध्या घातपाताची मार्गदर्शिका. फॉरवर्डमधले उतारेही बरेचसे खरे आहेत, म्हणून तर बाकीचं सहज पचून जातं. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तीसेक पानंच आहेत.

सीआयएपासून सुरुवात करते. पुस्तिकेवर तारीख आहे १७ जानेवारी १९४४, आणि सीआयए स्थापन झाली १९४७ साली. ही पुस्तिका ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’ या अमेरिकेच्या युद्धकाळातल्या हेरखात्याची. त्याचे प्रमुख विल्यम डोनोव्हन यांच्या सहीने ती निघाली आणि युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ते खातंही बंद झालं. ‘फुटली’ म्हणणंही चूक. तिच्यावरचा गोपनीयतेचा शिक्का अधिकृतपणे उठवलेला आहे आणि खुद्द सीआयएनेच ती आपल्या वेबसाइटवर वाचायला ठेवली आहे. या चुका किरकोळ म्हणून सोडून देता येतील. पुढची सोडवत नाही.

ऑफिसातल्या माणसांनी काम टाळावं म्हणून ही पुस्तिका लिहिली, असं फॉरवर्ड म्हणतं. प्रत्यक्षात ती होती हेरखात्याच्या माणसांसाठी. शत्रूच्या अमलाखाली जगणाऱ्या साध्या माणसाने, हातात बंदूक नसताना, रोजच्या कामातून शत्रूला कसं अडवावं याच्या सूचना त्यांनी पत्रकं, रेडिओ किंवा एजंटांमार्फत पोचवायच्या होत्या. सूचनांचे बारा गट आहेत: इमारती, कारखाने, धातू, खाणी, शेती, रेल्वे, मोटारी, जहाजं, तार-टेलिफोन, वीज असे. सभा, समित्या आणि कार्यालयं येतात अकराव्या गटात, म्हणजे जवळजवळ शेवटी. फॉरवर्ड बनवणाऱ्याने बहुतेक तेवढंच उचललं आहे.

बाकीच्या पानांत काय आहे, याची एक-दोन उदाहरणं देते. शत्रूचा प्रचारपट उधळायचा असेल तर दोन-तीन डझन मोठे पतंग (दिव्यावर झेपावणारे किडे) कागदी पिशवीत भरून थिएटरात न्या, रिकाम्या खुर्च्यांच्या बाजूला पिशवी उघडी ठेवून द्या. पतंग प्रोजेक्टरच्या झोताकडे झेपावतील आणि पडद्यावर फडफडत्या सावल्यांशिवाय काही दिसणार नाही. रेल्वेच्या तिकीट कारकुनाला सांगितलंय की एकाच सीटची दोन तिकिटं द्या, म्हणजे गाडीत भांडण जुंपेल. आज हे वाचून हसू येतं. पण पकडलं गेल्यावर त्या कारकुनाचं काय झालं असतं, तेही डोळ्यांसमोर आणा. म्हणूनच पुस्तिका बजावते की ज्यात अनेकांवर संशय जाऊ शकेल असंच कृत्य निवडा. कारकुनांसमोर हमसून हमसून रडा, हा फॉरवर्डमधला सर्वांत लाडका सल्लाही याच संदर्भातला आहे: समोरचा सरकारी कारकून शत्रूच्या राजवटीचा आहे.

पुस्तिकेतलं एक निरीक्षण फॉरवर्डमध्ये कुठेच येत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मुद्दाम मूर्खासारखं वागणं मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, असं तीत म्हटलंय. साध्या माणसाला आपलं काम बिघडवायची हौस नसते, त्याला त्यासाठी धीर द्यावा लागतो. ज्या पुस्तिकेला कामचुकारपणाची गीता म्हणून फिरवतात, तिच्या लेखकांचा माणसाच्या कामावरच्या निष्ठेवर एवढा विश्वास होता.

आता ‘तुमच्या कंपनीतल्या मिटिंगा यातूनच आल्या’ हा मुद्दा. ब्रिटिश इतिहासकार नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मधल्या लेखात ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले होते. १९१४ मध्ये मोठ्या युद्धनौका ६२ होत्या, १९२८ मध्ये २० उरल्या. त्याच काळात नौदल मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. पुस्तिका निघायला १९२८ मध्ये अजून सोळा वर्षं होती. आपल्याकडेही कागदी घोडे नाचवणं म्हणजे काय, हे कुणाला अमेरिकेकडून शिकावं लागलं नाही.

राहिला उगमाचा प्रश्न, आणि इथे मला खरोखर राग येतो. पुस्तिकेत कामगारांसाठी लिहिलंय: सावकाश काम करा, जड हातोड्याच्या जागी हलका घ्या, संडासात गरजेपेक्षा जास्त वेळ बसा, हत्यार विसरा म्हणजे परत जाऊन आणावं लागेल. हे हेरखात्याच्या टेबलावर सुचलेलं वाटतं का? हे कारखान्यातलं ज्ञान आहे, हेरखात्याने ते फक्त उतरवून घेतलं.

१८८९ साली ग्लासगोच्या गोदी कामगारांचा संप फसला. संपाच्या काळात मालकांनी शेतमजूर आणून त्यांच्याकडून माल चढवून-उतरवून घेतला होता. त्या बिचाऱ्यांना जहाजावर धड उभंही राहता येत नव्हतं, तरी मालकांनी त्यांच्या कामाचं कौतुक केलं. मग संघटनेने आपल्या लोकांना सांगितलं: कामावर जा, आणि अगदी त्यांच्यासारखंच काम करा. थोड्याच दिवसांत मालक वाटाघाटींना आले. स्कॉट बोलीत या पद्धतीला ‘का कॅनी’ म्हणतात, म्हणजे जपून, सावकाश. ही हकीकत फ्रान्समध्ये कामगार चळवळीतले पत्रकार एमिल पुजे यांनी सांगितली आणि १८९७ च्या तुलूझ अधिवेशनात तिथल्या कामगार महासंघाने ‘सॅबोटाज’ हे लढ्याचं साधन म्हणून स्वीकारलं. कामगारांनी यंत्रात लाकडी बूट फेकले म्हणून हा शब्द आला, अशी एक गोष्ट सांगतात. तिला आधार नाही. ‘सॅबो’ म्हणजे लाकडी बूट हे खरं, पण क्रियापदाचा अर्थ बूट खडखडवत चालणं, म्हणजेच ढिसाळ काम करणं, असा होता.

मुंबईतही हे होतंच. १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगाने नोंदवलंय की इथला कामगार काम लांबवत, मध्येमध्ये थांबत करतो. तेव्हा अनेक गिरण्यांत दिवस तेरा-चौदा तासांचा असे. १९११ च्या कायद्याने तो पुरुषांसाठी बारा तासांवर आणला. एवढा वेळ यंत्रापुढे उभा असलेला माणूस बिडी ओढायला बाहेर गेला, याला आळस म्हणायचं की जीव वाचवणं?

माझे आजोबा एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. दोन साच्यांवर काम. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून त्यांच्या खात्यात खुणा ठरलेल्या होत्या. तळहातावर अंगठा मळून दाखवला की तंबाखू. मानेला झटका दिला की मुकादम आला. आणि दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन आपल्या साच्याकडे वळवली की ‘जरा बघ रे, आलोच’. शेजारचा मग चार साचे सांभाळायचा, दहा मिनिटं, आणि नंतर त्याची पाळी. गिरणी सुटून वीस वर्षं झाली होती तरी घरात बोलायचा कंटाळा आला की आजोबा याच खुणा करायचे. आजी त्या सगळ्या ओळखायची.