कापसाचा भाव, फवारणीचा खटला आणि ‘आपला काय संबंध?’

यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडेच तो चार वेळा आला, त्यातला एकदा मावसभावाकडून. त्याचा गाभा असा: हवामान, जंगल आणि जागतिक व्यापार हे सरकारांचे विषय, बाकीचे नुसते बघे. कापसाचा भाव दिल्ली ठरवते. संस्था-संघटना परदेशी पैशावर विकास अडवतात. ग्रामसभेच्या ठरावाला गावाबाहेर काडीची किंमत नाही. म्हणून शेतकऱ्यानं आपलं वावर सांभाळावं आणि गप्प राहावं. खाली भावानं लिहिलं होतं, “पाय बरं, पटते का.” नाही पटत, भाऊ. का, ते सांगतो.

सरकारांपुरताच हा कारभार असता, तर १९४५ साली सरकारांनीच लिहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ७१वं कलम आलं नसतं. बिगरसरकारी संघटनांशी सल्लामसलत करण्याची तरतूद त्यात आहे. पर्यावरण आणि विकासावरच्या १९९२च्या रिओ परिषदेनं असे नऊ गट नावानिशी मान्य केले. त्यात शेतकरी हा एक गट आहे, आदिवासी समूह दुसरा, उद्योगधंदे आणखी एक. करारावर सही देशच करतात, मतही त्यांचंच, एवढं त्या मजकुरात खरं आहे. पण सहीआधी मसुद्यातले शब्द कोणी बदलून घेतले आणि सहीनंतर कोणी पाळत ठेवली, हे पाहिलं की बघे म्हणवलेले लोक तिथं हजर दिसतात. कंपन्या तर नक्कीच दिसतात.

भावाच्या मुद्द्यावर मला थांबायचंच आहे, कारण तो आपल्या घराचा प्रश्न आहे. हमीभाव दिल्लीचा, त्या भावानं कापूस घेणारं सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) सरकारी, हे मान्य. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झाले. पण खाजगीत विकताना व्यापारी सरकीचा भाव बघतो, रुईचा भाव बघतो, आणि रुईचा भाव जगाच्या बाजाराकडे बघतो. त्या बाजारात ज्याचा दाखला दिला जातो तो ‘कॉटलुक ए’ निर्देशांक लिव्हरपूलकडची एक खाजगी कंपनी काढते. वायदे न्यूयॉर्कच्या खाजगी एक्स्चेंजवर चालतात. गाठींच्या आंतरराष्ट्रीय सौद्यात भांडण झालं, तर बहुतेक वेळा ते इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांनी सुटतं. ही संस्थाही लिव्हरपूलची, १८४१ साली तिथल्या कापूस दलालांनी सुरू केलेली. तिचा निवाडा जो पाळत नाही त्याचं नाव यादीत लागतं आणि त्याच्याशी सौदा करायला लोक कचरतात. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडाचा कापूस त्याच बंदराकडे जात होता. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ आपल्या बोंडाचे नियम अशा लोकांनी केले, ज्यांना कोणी मत दिलेलं नाही.

दिल्लीनं घेतलेला निर्णयही एकट्या दिल्लीचा नसतो. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. ते हटवा, ही गिरण्यांच्या संघटनांची जुनी मागणी. १९ ऑगस्ट २०२५ला ते माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी नेमकी त्याच दिवसांतली. गिरणीवाले संघटित होते, त्यांनी मागितलं, त्यांना मिळालं. मी त्यांना दोष देत नाही. पण “तू गप्प राहा” हा सल्ला त्यांना कोणी देत नाही, फक्त आपल्यालाच देतात, याचा मला राग येतो.

‘बेटर कॉटन’ या कापूस पिकवण्याच्या मानकाचंही तेच. गावात आपण ज्यांना बीसीआयवाले म्हणतो, त्यांचे निकष जिनेव्हात कार्यालय असलेली एक संस्था ठरवते. तिच्या सभासदांत मोठे ब्रँड, गिरण्या, सामाजिक संस्था आणि उत्पादकांच्या संघटना असे चार गट आहेत. फवारणीची नोंद वहीत का लिहायची, लहान पोराला वेचणीला का न्यायचं नाही, हे कलम तिथून येतं. निकष वाईट नाहीत. पण उत्पादकांच्या बाजूनं बोलणारा आपला माणूस तिथं असला पाहिजे.

आता संस्था विकास अडवतात या आरोपाकडे येतो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांची नजर काही दिवस गेली होती. पाठीवर पंप, डोक्याएवढी पऱ्हाटी, तोंडाला दुपट्टा. मेले ते आपल्यासारखेच होते. त्या प्रकरणात एका स्विस कंपनीच्या कीटकनाशकाचं नाव आलं. स्वतः स्वित्झर्लंडमध्ये त्या औषधाला २००९पासून परवानगी नव्हती. २०२० साली ५१ कुटुंबांच्या वतीनं ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे कंपन्यांसाठीचे नियम पाहणाऱ्या स्विस केंद्राकडे तक्रार गेली, आणि दोन मृतांची कुटुंबं व एक वाचलेला शेतकरी यांनी स्वित्झर्लंडच्या न्यायालयाचं दार ठोठावलं. यवतमाळची विषबाधितांची संघटना, कीटकनाशकांवर काम करणारी पॅन इंडिया, स्वित्झर्लंडची पब्लिक आय ही संस्था आणि बर्लिनचे वकील, अशी ही साखळी होती. कंपनीनं आरोप नाकारले. ओईसीडीचे नियमही सक्तीचे नाहीत. तरी मला सांगा, यात कोणाचा कोणता विकास अडला? घाटंजीच्या किंवा आर्णीच्या एखाद्या बाईनं एकटीनं तिथवर कसं पोचायचं होतं?

सगळ्याच संस्था धुतल्या तांदळाच्या नाहीत, हे मी लपवत नाही. २०२०मध्ये सेंद्रिय कापडाचं मानक चालवणाऱ्या ‘गॉट्स’नंच जाहीर केलं की भारतात खोट्या प्रमाणपत्रांवर सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. आमच्या गावातही एकांनी सेंद्रियचा गट केला, वह्या भरून घेतल्या, जादा भावाचं बोलले आणि वेचणीच्या वेळी फिरकले नाहीत. अशांना हिशेब विचारायलाच हवा. पण तो विचारणार कोण? वावर सांभाळत गप्प बसलेला माणूस तर नाही.

राहिली ग्रामसभा. तीही सरकारच की, असं कोणी म्हणेल. पण तिथं ना मंत्री बसतो ना साहेब, गावातले सगळे मतदार बसतात. उद्या धुऱ्यावरच्या किंवा जंगलातल्या झाडांनी शोषलेला कार्बन विकत घ्यायला कोणी आलं, तर त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे कार्बन क्रेडिट, बहुधा ‘व्हेरा’सारख्या अमेरिकेतल्या खाजगी नोंदणी संस्थेकडे जाईल. स्थानिक लोकांशी सल्लामसलत केल्याचं तिथं दाखवावं लागतं. त्या वेळी ठरावाचं रजिस्टर कोरं असेल, तर आपल्या नावानं दुसराच कोणी बोलून जाईल.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरएक घरांचं गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र वाहतुकीच्या परवान्यावाचून अडला, कारण वनखातं पास द्यायला तयार नव्हतं. गावानं ठराव केले, भांडण सोडलं नाही. मार्च २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचं जंगलातलं उत्पन्न, समजावं. २७ एप्रिलला ते स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून तिथल्या बांबूचा वाहतूक पास ग्रामसभा देते.