रविवार संध्याकाळ बंद

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून चौदा वेळा भूक लागते, परंतु आमच्या मेसच्या काकूंच्या मते ती तेरा वेळाच लागायला हवी. अन्नपूर्णेच्या तसबिरीखाली ‘रविवार संध्याकाळ बंद’ अशी पाटी आहे आणि तिच्यावर फोडणीच्या वाफेचा इतका जुना थर बसला आहे की, पाटी आधीपासून तिथे असावी आणि मेस नंतर तिच्याभोवती उभी राहिली असावी, असा संशय येतो. सीएच्या आर्टिकलशिपसाठी सोलापूरहून आलो त्या दिवशीच मी ती वाचली होती, पण तिचा अर्थ कळायला पहिला महिना संपावा लागला. दिवसभर लोकांच्या हिशेबातल्या चुका शोधण्याबद्दल मला स्टायपेंड मिळत होता आणि माझ्या स्वतःच्या हिशेबाला चार रविवार संध्याकाळींनी चार भोके पाडली होती.

एरवी मेसची व्यवस्था चोख आहे. महिन्याचे ३,२०० रुपये आगाऊ द्यायचे आणि दोन्ही वेळा चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ आणि वरण-भात खायचा. सोमवारी मटकी, मंगळवारी बटाटा, बुधवारी त्या दोहोंचा मिलाफ. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत मिळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे खाडा, आणि तो धरला जातो सलग चार दिवस गैरहजर राहिल्यास, तेही आदल्या दिवशी कळवले असल्यास. ऑगस्टमध्ये मला तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी तो उतरला, तरी खाडा बसावा म्हणून मी आणखी एक दिवस बिस्किटांवर काढला आणि पाचव्या दिवशी आशेने काकूंसमोर उभा राहिलो. “अरे, पण ताप येणार आहे हे आदल्या दिवशी सांगायला नको का?” त्यांनी विचारले. त्यांचा सूर इतका समजुतीचा होता की मी चक्क माफी मागितली.

पूर्वी या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे धरून ठेवत. त्या सात वारांत रविवारही होता, याकडे मी काकूंचे लक्ष वेधले नाही. खाड्याचा अनुभव ताजा होता.

रविवारी दुपारी मात्र फीस्ट असते. मसालेभात, बटाट्याची भजी, कोशिंबीर आणि मोजून दोन गुलाबजाम. रात्रीची भूक दुपारीच भागवून ठेवावी, असा उंटाचा आदर्श पहिले काही रविवार मी समोर ठेवला. मसालेभात चारदा घेतला की माणूस पाच वाजेपर्यंत हलू शकत नाही, सहाला त्याला पश्चात्ताप होतो आणि साडेसातला, का कोण जाणे, पुन्हा भूक लागते. उंटाची शरीररचना निराळी असावी.

त्यानंतर मी पर्याय तपासले. मिसळ परवडते, आणि सोबत सँपल मागून घेता येत असल्याने एका फरसाणावर दोन वाट्या रस्सा रिचवता येतो. परंतु आमच्या भागातली चांगली मिसळ दुपारीच संपते. शिवभोजनाचाही विचार करून पाहिला. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी सुरू केलेल्या या थाळीत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. पण तिची वेळ दुपारची, आणि थाळ्याही ठरावीक. शिवाय एकदा मी त्या रांगेपर्यंत गेलो तेव्हा पुढे हातावर पोट असलेली माणसे उभी होती आणि माझ्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती. रविवार संध्याकाळ हा माझा प्रश्न होता, त्यांच्यापुढे आठवडाभराच्या संध्याकाळी होत्या. मी परत फिरलो.

माझा खोलीमित्र लातूरचा. त्याने अमर्याद थाळीचा सिद्धान्त मांडला: ३५० रुपये एकदाच द्यायचे आणि ७०० रुपयांचे खायचे. त्यासाठी आम्ही दुपारची फीस्ट सोडली, म्हणजे पैसे भरलेले जेवण टाकून दिले, हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आले नाही. थाळीवाल्यांचा अभ्यास आमच्याहून पक्का होता. बसताक्षणी ढोकळा, अळूवडी आणि ताक यांचा असा मारा झाला की, मोलाचे पदार्थ येईतो आमचे मोर्चे ढासळले होते. “अजून पुरी देऊ का, साहेब?” असे वाढपी प्रेमाने विचारत होता आणि आम्ही दोन्ही हात ताटावर आडवे धरून स्वतःच्याच गुंतवणुकीचे नुकसान करीत होतो. बासुंदी आली तेव्हा मित्राच्या डोळ्यांत पाणी होते.

मग काही आठवडे अमृततुल्यवर निभावले. पितळी पातेल्यात आले-वेलची कुटून घातलेला, कपड्यातून गाळलेला तो चहा पुण्यात निदान १९२४ पासून उकळतो आहे आणि इतका गोड असतो की, दोन कपांत भूक मरते. ती तासाभराने पुन्हा जिवंत होते, हा भाग वेगळा. चहा, क्रीमरोल, पुन्हा चहा आणि परतताना घुंगरांचा आवाज ऐकू आला म्हणून रसवंतीत अर्धा ग्लास रस, असे लिहिलेली माझी वही एका महिनाअखेरीस मी तपासली. हाच खर्च एखाद्या अशिलाने दाखवला असता, तर मी त्यावर शेरा मारला असता.

अखेर उपाय हुतात्मा एक्स्प्रेसने आला. मामा कामानिमित्त पुण्याला येत होते, त्यांच्या हाती आईने कडक भाकऱ्या आणि किलोभर शेंगाचटणी पाठवली. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, गॅस लागत नाही, आणि खोलीत शिजवायचे नाही हा घरमालकांचा नियमही मोडत नाही. भाकरी, चटणी आणि वीस रुपयांचे दही. एक किलो चटणी चार महिने पुरेल, असा मी वहीत हिशेब मांडला.

त्यात मी खोलीतल्या उरलेल्या तीन कॉट धरल्या नव्हत्या. डबा उघडताच लसणाचा वास वाड्याच्या जिन्यापर्यंत पोहोचला आणि वरच्या मजल्यावरची दोन एमपीएससीवाली मुलेही “सहज” आली. किलोभर चटणी एका संध्याकाळी निम्मी झाली. पुढच्या रविवारी तर लातूरकराने अभ्यागतांना सरळ सांगितले, “बसा हो, भरपूर आहे!”

त्याच रात्री मी वहीतले एक पान फाडले आणि दारावर चिकटवले: ‘रविवार संध्याकाळ चालू. माणशी तीस रुपये आगाऊ, दही ज्याचे त्याने आणावे. खाडा धरला जाणार नाही.’

सोमवारी जेवायला गेलो, तेव्हा काकूंनी चौथी पोळी वाढताना हळूच विचारले, “चटणी विकत देता का रे तुम्ही?”