ओढणीच्याच कापडाचा स्कार्फ

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मेसेज आला: 'शाळेतल्या हिजाबबंदीवर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब! जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' खाली सहा मुद्दे. असले मेसेज मी न वाचता पुसते. पण हा पाठवला होता माझ्या आत्याने, आणि आत्या 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. मी महापालिकेच्या शाळेत आठवीला शिकवते. म्हणून या वेळी उत्तर देतेय.

'सुप्रीम कोर्टाने देशभर बंदी कायम केली.' साफ खोटं. 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालंच नाही. न्या. हेमंत गुप्तांनी हिजाबबंदी कायम ठेवणारा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला, न्या. सुधांशू धुलियांनी तो रद्द ठरवला, आणि मोठ्या खंडपीठासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेलं. मूळ आदेशही कर्नाटक सरकारचा, 5 फेब्रुवारी 2022 चा. तो आपल्या शाळांना लागूच नव्हता. आपल्याकडचं उदाहरण हवं तर चेंबूरच्या एका खासगी महाविद्यालयाचं घ्या. तिथल्या हिजाब-टोपी-बॅजवरच्या बंदीत मुंबई उच्च न्यायालयाने हात घातला नाही, पण ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. वर्गात बुरखा चालणार नाही, हेही त्याच आदेशात सांगितलं.

'संविधानात धार्मिक पेहरावाला थारा नाही.' कलम 25 खालचं पहिलं स्पष्टीकरण वाचा. शिखांनी कृपाण बाळगणं हा त्यांच्या धर्माचाच भाग मानला जाईल, असं तिथे लिहिलंय.

'गणवेश म्हणजे सगळे एकसारखे, अपवाद कुणालाच नाही.' हे आत्याने पुढे पाठवावं? आत्या, आजोबा वारले म्हणून मुंडण झालेला पोरगा तुझ्या वर्गात महिनाभर टोपी घालून बसायचा. त्याला कधी टोपी काढायला लावलीस? माळकऱ्यांच्या मुलांच्या गळ्यात तुळशीची माळ असायची, कपाळाला गंध असायचा. दसऱ्याच्या आधी पाटीवर एक-एकने सरस्वती काढून आपण तिला फुलं वाहायचो. यातलं काहीच कुणाला शाळेत धर्म आणल्यासारखं वाटलं नाही, कारण ते आपलं होतं. सवलत होतीच, आपल्याला ती दिसत नव्हती.

माझ्या वर्गातली एक मुलगी स्कार्फ बांधते. गडद निळा, गणवेशाच्या ओढणीच्याच कापडाचा. शिवताना उरलेल्या तुकड्यातून तिच्या आईने बेतलेला. खेळाच्या तासाला ती त्याची टोकं मागे घेते, दोन पिना लावते आणि कबड्डीत चढाईला जाते. चेहरा दिसतो, हजेरी लागते, फळ्यावर गणित सोडवते. शिस्त नेमकी कुठे मोडली?

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. 'ज्यांना नियम पटत नाही त्यांनी मुली घरी बसवाव्यात, शाळेचं काही बिघडत नाही.' घरी बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय होतं, हे आत्याइतकं कुणाला माहीत असेल? पटावरची मुलगी आठ दिवस आली नाही की ही बाई संध्याकाळी तिच्या घरी जायची. धाकट्या भावाला सांभाळणारी, रोजंदारीवर गेलेली, लग्न ठरलेली, अशा किती मुली तिने परत वर्गात आणून बसवल्या. आणि आज तीच म्हणते, घरी बसवा?

धुलियांचा निकाल इथेच बोट ठेवतो. शाळेच्या फाटकावर मुलीला हिजाब उतरवायला लावणं हा तिच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे, असं ते म्हणतात. पाठीवर दप्तर घेऊन सकाळी शाळेला निघालेली मुलगी हे त्यांना आजच्या भारतातलं एक अतिशय सुंदर दृश्य वाटतं. आणि ते विचारतात, केवळ हिजाब घालते म्हणून शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य सुधारतोय का? मेसेज लिहिणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

काही घरांत स्कार्फची सक्ती असते, हे मात्र खरं. मी नाकारत नाही. पण जिच्यावर घरात सक्ती आहे तिला दिवसाचे सहा तास मोकळीक मिळते ती शाळेतच. तेच दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, तिला सोडवलं?

'फ्रान्सने करून दाखवलं.' तिथे सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घालणाऱ्या 2004 च्या कायद्याने शीख मुलांची पगडीही गेली. शाळेतून काढलेल्या एका शीख मुलाच्या बाजूने 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने कौल दिला. आणि स्टॅनफर्डच्या दोन संशोधिकांना 2020 च्या अभ्यासात आढळलं, की बंदीनंतर मुस्लिम मुलींचं माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण घसरलं.

शेवटचा मुद्दा, 'कॉन्व्हेंटमध्ये मेंदी-टिकलीवरून शिक्षा होते तेव्हा कुठे असता?' अर्धं खरं आहे. होते शिक्षा, आणि ती चूकच आहे. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये राखी, टिळा, मेंदीवरून मुलांना शिक्षा करू नका, असं राज्यांना कळवलं होतं. मेंदीवाल्या मुलीसाठी मी भांडेन. पण तिचा राग माझ्या वर्गातल्या मुलीवर का काढता?

आत्याला धुलियांचा निकाल पाठवलाय. इंग्रजीत आहे, शिवाय तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. येत्या रविवारी जाऊन वाचून दाखवणार आहे.