‘हॉटेल लाइन बायकांची नाही’ म्हणे!

‘हॉटेलची नोकरी बायकांसाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर हल्ली जिकडेतिकडे फिरतोय. त्यात दावे चार: काम झेपत नाही, रात्रपाळी धोक्याची, घर सांभाळून जमत नाही आणि वरच्या जागा बायकांना मुळात नकोच असतात. शेवटी हुकमी पुरावा, ‘त्या स्वतःच तसं सांगतात’. त्या सांगतात खऱ्याच, पण नेमकं काय?

काम झेपत नाही? जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार पर्यटन क्षेत्रात काम करणाऱ्यांत ५४ टक्के स्त्रिया आहेत. हॉटेलात त्यांची मोठी संख्या हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईत असते, आणि ते काम हलकं वाटत असेल तर एकदा डबल बेडची गादी उचलून चादर खोचून बघावी. मग तेच दिवसभर, खोलीमागून खोली. अमेरिकेतल्या ५० हॉटेलांच्या २००३ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत जास्त दुखापती हाउसकीपिंगमध्येच निघाल्या. वर्षाला १०० जणांमागे ७.९. म्हणजे सगळ्यात जड काम बायकांकडेच आहे. त्यांची तक्रार असते ती दिवसाला ठरवून दिलेल्या खोल्यांच्या कोट्याबद्दल. चेकआउट झालेल्या खोलीला जास्त वेळ लागतो, पण आकडा तोच धरला जातो.

रात्रपाळीचा मुद्दा, म्हणजे धोका आहे म्हणून बाईलाच दूर ठेवायचं, हा जुना आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बाईला बारच्या काउंटरमागे उभं राहून दारू द्यायला बंदी होती. मालकाची बायको किंवा मुलगी असेल तर मात्र चालायचं! १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलूनही धरला. आपल्याकडे दारू दिली जाते तिथे बायकांना नोकरीवर ठेवायची बंदी १९१४च्या पंजाब अबकारी कायद्यात होती. ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये घटनाबाह्य ठरवली. बाईला घरी बसवू नका, सुरक्षित व्यवस्था उभी करा, असा त्या निकालाचा रोख होता. नर्सही रात्रपाळी करतात. त्यांच्याबद्दल असा मजकूर कोणी फिरवत नाही.

धोका आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. शिकागो परिसरात एका कामगार संघटनेने २०१६मध्ये विचारणा केली, तेव्हा हॉटेलातल्या ५८ टक्के स्त्रियांनी पाहुण्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. पण खोल्या साफ होतात त्या बहुतेक दिवसाढवळ्या! रात्रपाळी बंद करून यातलं काय थांबणार? धोका घड्याळात नाही. तो एकटीने बंद खोलीत जाण्यात आहे, आणि तक्रार केली की ‘पाहुणा आहे, सांभाळून घे’ म्हणणाऱ्या सुपरवायझरमध्ये आहे. शिकागोत २०१७मध्ये खोल्यांत एकट्याने काम करणाऱ्यांना मदत बोलावण्यासाठी धोक्याचं बटण देणं हॉटेलांना बंधनकारक करणारा नियम मंजूर झाला. हा उपाय बाईला कामावरून न काढता करता येतो.

घर सांभाळण्याबद्दल थोडक्यात. ब्रेक शिफ्ट (मध्ये काही तासांची सुट्टी देऊन दोन तुकड्यांत केलेली पाळी) आणि ऐनवेळी बदलणारा रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, कुणालाच सोसत नाही, पुरुषांनाही. फरक इतकाच की पुरुष वैतागून सोडून गेला तर त्याला ‘चांगली संधी मिळाली’ म्हणतात.

राहिल्या वरच्या जागा. पर्यटन संघटनेच्या त्याच २०१९च्या अहवालानुसार या क्षेत्रात स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्के कमी आहे. जनरल मॅनेजरच्या खुर्चीकडे जाणारी वाट बहुधा किचन, रेस्टॉरंट, बँक्वेट, हिशेब अशा खात्यांतून आणि दोन-चार बदल्यांतून जाते. हाउसकीपिंगमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या बाईला त्या वाटेवर कोणी आणतच नाही. बदलीची यादी होते तेव्हा ‘लहान मूल आहे, नाहीच म्हणेल’ असं धरून तिचं नाव आधीच गाळलं जातं. तिला विचारलेलंही नसतं. पुढच्या बैठकीत ती यादी करणारेच साहेब सांगतात, बायका बदलीला तयार नसतात.