कांजूरचा मिथेन वरून दिसतो, मग आम्हालाही दाखवा

मुंबईत कन्नमवार नगर, भांडुप, कांजूर, कुठेही विचारा, कांजूरच्या कचरा डम्पिंगचा वास कसा असतो ते. रात्री वारा फिरला की आधी खिडक्या लावायच्या. पण मला खरी धास्ती आहे ती वास नसलेल्या वायूची. नाकाला झोंबतात ते हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. मिथेन कुणाला न कळता निघून जातो. ओला कचरा हवेवाचून कुजला की तो तयार होतो, आणि 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता धरून ठेवतो.

त्याला पकडलं उपग्रहांनी. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, पुढाकार नेदरलँड्सच्या संशोधकांचा. आधी युरोपच्या सेंटिनेल-5पी उपग्रहाने शहरावरचा मिथेन हेरला, मग जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीच्या उपग्रहांनी नेमकं डम्पिंग शोधलं. जमिनीवरून परतणाऱ्या उन्हातला ठरावीक अवरक्त (इन्फ्रारेड) भाग मिथेन शोषून घेतो. तो भाग किती कमी झाला हे मोजायचं, त्यात वाऱ्याचा वेग धरायचा, की तासाला किती वायू सुटतोय ते निघतं. कांजूरचा आकडा निघाला तासाला सुमारे 9.8 टन!

आणि कांजूर म्हणजे काही देवनारसारखा उघडा उकिरडा नव्हे. तिथे बायोरिअ‍ॅक्टर पद्धत आहे. कचऱ्यातून झिरपलेलं पाणी पुन्हा त्यातच फिरवून कुजणं मुद्दाम वेगाने घडवायचं आणि निघालेला गॅस पाइपांनी गोळा करायचा. म्हणजे गोळा करण्यात कसूर झाली तर जास्तीचा गॅस थेट हवेत. म्हणूनच इथे मोजमाप सगळ्यात कडक हवं.

नुसत्या उपग्रहावर विसंबून मात्र चालणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे त्याला खालचं दिसत नाही, रात्री ऊन नसतं. मिथेन मोजणारा मिथेनसॅट उपग्रह तर मार्च 2024 मध्ये सोडला आणि जून 2025 मध्ये त्याचा संपर्कच तुटला. डम्पिंगच्या कुंपणावर बारमाही चालणारे मीटर बसवायलाच हवेत.

हवेच्या प्रदूषणाचा आकडा आपल्याला रोज मोबाइलवर दिसतो, तसाच हाही दिसला पाहिजे. कंत्राटातच अट घाला: किती गॅस गोळा केला आणि किती निसटला, दोन्ही आकडे दर महिन्याला जाहीर करायचे. कांजूर-भांडुपच्या एस वॉर्डातल्या मंडळींनो, नगरसेवक भेटले की वासाच्या तक्रारीसोबत हेही लेखी मागा.