आठ पैचा मालक

मालवण तालुक्यात माझं एक घर आहे, असं मी मुंबईत सांगतो. गावात तसं सांगायची सोय नाही. तिथे लगेच कोणीतरी विचारतं, "किती?" आमचा हिशेब अजून आणे-पैत चालतो. अख्खं घर सोळा आणे. पणजोबांना चार मुलगे, म्हणून दर आजोबाला चार आणे. आमच्या आजोबांना तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि माझ्या वडिलांचे आम्ही दोघं. आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली तर माझे आठ पै, नाही केली तर सहा. रुपयाच्या पै 192. बाकीचा भागाकार ज्याने त्याने करावा.

सातबाऱ्यावर वारसनोंद झाली की गेलेल्या माणसाचं नाव कंसात जातं. त्यामुळे आमच्या घराण्यात कोणी वैकुंठाला जात नाही, कंसात जातो. पणजोबा कंसात, आजोबा कंसात, आता वडीलही. कंसाबाहेर जी मंडळी उरली आहेत ती वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत आणि गणपतीत एका पंगतीला बसून वालाची उसळ वाढून घेतात.

घराला कोणी वाली नाही, असं मात्र नाही. वाली भरपूर आहेत, म्हणून तर ते गळतं. माकडं कौलं फोडतात, ती हिस्से बघून फोडत नाहीत. मी मे महिन्यात म्हटलं, माझ्या खर्चाने कौलं परतून घेतो, कोणी काही देऊ नका. यावर घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी शांतता पसरली ती आजोबा वारले तेव्हाही नव्हती. मग नानाकाकांचा फोन. "तू खर्च करतलस, पावती तुज्या नावाची, आणि उद्या कोर्टात दाखवतलस, काय रे?" आमच्याकडे दुरुस्ती हा प्रेमाचा प्रकार नसून कब्जाची पहिली पायरी समजली जाते. सबब न्हाणीघराची चिऱ्यांची भिंत पडली ती पडलेलीच आहे. आंघोळीला जाणारा खाकरत जातो.

पावसात माजघरात भांडी मांडलेली असतात. त्यातही शिस्त. पहिल्या शाखेची कळशी, दुसरीचा टोप, तिसरीची रंगाची बादली. मधल्या वाशावरून ओघळणारं पाणी मात्र गळतं आमच्या बाजूला आणि पडतं नानाकाकांच्या टोपात. या पाण्याने कोणी पाय धुवायचे, यावरून दोन काकू एक अख्खी चतुर्थी बोलल्या नव्हत्या.

अशा या घरात गेल्या गणपतीत, आरती आणि भजन उरकल्यावर, चुलतभावाने लॅपटॉपवर 'गुलाबो सिताबो' लावला. शूजित सरकारचा हा सिनेमा 12 जून 2020 ला आला तेव्हा थिएटरं बंद होती, म्हणून तो थेट ओटीटीवर गेला. मुंबईत माझ्या ओळखीच्यांनी नाकं मुरडली होती: संथ आहे, काही घडतच नाही. त्यांची घरं एक बीएचके आहेत आणि एकाच्या नावावर आहेत. त्यांना काय कळणार!

आमच्या माजघरात पाचव्या मिनिटाला लोक सरसावून बसले. लखनौची पडकी हवेली, फातिमा महल. मालकीण बेगम. तिचा नवरा मिर्झा 78 वर्षांचा, बायको त्याच्याहून 17 वर्षांनी मोठी, आणि तो ती कधी जाते याची वाट बघत भाडेकरूंचे बल्ब चोरतोय. मिर्झा झालेला अमिताभ त्या खोट्या नाकाखाली ओळखू येत नाही. आमच्याकडे मात्र तो लगेच ओळखला गेला. "हो तर आमचो तात्या!" मागून आवाज आला. तात्यांना तो नानाकाका वाटत होता. नानाकाका काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघत होते. पुढे भाडेकरू झालेल्या आयुष्मान खुरानाने रागाच्या भरात सामाईक संडासाच्या भिंतीला लाथ घातली आणि विटा ढासळल्या, तेव्हा कोणी हसलं नाही. "आता ती कोण बांधतलो?" एवढाच प्रश्न काकूंनी विचारला.

मग पुरातत्त्ववाला आला, वकील आला, बिल्डर आला. जूही चतुर्वेदीने हे लिहिण्याआधी आमच्या ओटीवर बसून घेतलं होतं की काय, अशी मला शंका आहे. शेवट सांगतो, सिनेमा आता जुना झाला. सगळे पुरुष कागद रंगवत बसतात आणि बेगम आपल्या जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते, हवेली त्याला एक रुपयात विकून. बेगम झालेल्या फर्रुख जाफर यांना पुढे फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच झालं.

लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आत्या भिंतीला टेकून सुपारी कातरत होती.

घरात बारा महिने राहते ती एकटी. दिवा लावते, विहिरीवर लक्ष ठेवते, घरपट्टी भरते. हक्कसोडपत्र तिच्या ट्रंकेत आहे. कोणी विषय काढला की म्हणते, "गणपती होवन जावंदेत." सामाईकातला आपला हिस्सा कोणी बाहेरच्याला विकला तर तो बाहेरचाही हिस्सेदार होतो, आणि तारकर्लीच्या बाजूचे हॉटेलवाले हल्ली घरं बघत फिरतात. पुढच्या चतुर्थीला आरतीत कोणीतरी रिसॉर्टवाला झांजा घेऊन उभा, हे चित्र चारही शाखांना एकाच क्षणी दिसलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची चंगळ. मोदकांतला पहिला मोदक तिला. नानाकाकांनी तिचा मोबाईल रिचार्ज केला आणि करता करता शेवटचे फोन कोणाला गेले तेही पाहून घेतलं. धाकट्या चुलतभावाने तर सरळ विचारलं, "आत्ये, तुका लग्नाआधी कोण आवडत होतो गो?"

"होतो एक," आत्या म्हणाली. "तो मेलो कधीच कंसात गेलो."

विसर्जनाआधी गाऱ्हाणं झालं. तात्यांनी हात जोडून आवाज लावला, "ह्या घरार जो कोण वाकडी नजर ठेवीत, तेका वाटेक लाव रे म्हाराजा!" आणि सगळे हिस्सेदार, एकमेकांकडे तिरके बघत, एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

संध्याकाळी मी धीर करून सहीचं काढलं. मला त्यात दोन पै होते. आत्याने या वेळी टाळलं नाही. "पयली कौलां परता. मगे सही." मग ओटीवर बैठक बसली: कौलं कोणी आणायची, मजुरी कोणी द्यायची आणि मुख्य म्हणजे पावती कोणाच्या नावाने फाडायची. रात्रीचे अकरा वाजले तरी पावती तिथेच होती. शेवटी आत्या उठली, स्टूल घेतलं, ओटीवरचा बल्ब काढला आणि आपल्या खोलीत घेऊन गेली.