चिनी लेण्यांतल्या उडत्या अप्सरा अजिंठ्याची नक्कल नाहीत

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. चीनमधल्या लेण्यांत कोरलेल्या उडत्या अप्सरा आणि वादक ही अजिंठ्याची हुबेहूब नक्कल, ती भारतीय कारागिरांनीच केली, हातातली वीणा हा पुरावा, आणि दीड हजार वर्षांनंतरही रंग ताजा, असं त्यात म्हटलंय. सोबत दोन-चार फोटो.

आधी फोटो. त्यांत हमखास एखादं वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांतलं असतं. ते कोरीवकामच नव्हे. मोगाओचा कडा वाळू-गोट्यांच्या खडकाचा आहे. छिन्नी लागली की गोटे निखळतात, मग बोटं-नाक कुठून उठवणार? म्हणून तिथे भिंतीला काडी मिसळलेल्या मातीचा गिलावा देऊन चित्रं काढली आणि मूर्तीही मातीच्या घडवल्या. दगडातल्या अप्सरा पाहायच्या तर उत्तर चीनमधलं दातोंगजवळचं युनगांग (वालुकाश्म) किंवा लुओयांगजवळचं लोंगमेन (चुनखडी) गाठावं लागतं.

आता नक्कल. तारखा शेजारी ठेवल्या की हा मुद्दा लंगडा पडतो. युनगांगचं काम भिक्षू थान्याओच्या देखरेखीखाली इ.स. 460च्या सुमारास सुरू झालं. 494मध्ये उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या उत्तर वेई घराण्याने राजधानी दातोंगहून लुओयांगला नेली, तोवर मोठी लेणी उभी राहिली होती. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातली सुप्रसिद्ध अप्सरा वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे त्याच 5व्या शतकाच्या उत्तरार्धातली. नक्कल करायला मूळ आधी तयार तर हवं!

भारताशी नातं नाही, असं मात्र नाही. ते गांधार (आजचा वायव्य पाकिस्तान आणि लगतचा अफगाणिस्तान), कुचा (आजच्या शिनच्यांगमधलं वाळवंटातलं राज्य), तुनह्वांग अशा टप्प्यांनी पोचलं. 439मध्ये वेई सैन्याने वायव्येचा लियांगचौ प्रदेश जिंकून हजारो कुटुंबं राजधानीत नेली, त्यांत भिक्षूही होते. 455च्या सुमारास सिंहलद्वीपाचे पाच भिक्षू तीन बुद्धमूर्ती घेऊन आल्याची नोंद वेई घराण्याच्या इतिहासात आहे. कोरणारे भारतीय होते, असं मात्र यातून निघत नाही. शिवाय पंख असलेले उडते अमर पुरुष हान काळातल्या (इ.स. 220पर्यंतच्या) चिनी शिल्पांत आधीपासून आहेत. घडणही बदलत गेली: युनगांगच्या सुरुवातीच्या आकृती जाडजूड, उघड्या अंगाच्या, अनवाणी, लोंगमेनला त्या सडपातळ होतात, पाय लांब झग्यात दडतात आणि उपरणं ज्वाळेसारखं मागे उडतं.

वीणेचा मुद्दा सर्वांत रंजक, आणि सर्वांत चुकीचा. भारतात तेव्हाची वीणा बहुधा धनुष्याकृती असे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर ती दिसते. आजची पडदे असलेली सरस्वती वीणा 17व्या शतकात तंजावरला घडली. फोटोतलं वाद्य म्हणजे पिपा, नासपतीच्या आकाराचं चिनी तंतुवाद्य. मान मागे मोडलेली असेल तर चार तारांची, इराण-मध्य आशियाकडून आलेली. मान सरळ असेल तर पाच तारांची. या दुसऱ्या प्रकाराचा संबंध भारताशी जोडतात, तेवढं श्रेय घ्यावं. आणखी एक खूण: तेव्हा पिपा आडवी धरून नखीने वाजवत, आजच्यासारखी उभी धरून बोटांनी नव्हे. युनगांगच्या 12व्या लेण्यात, ज्याला संगीतलेणं म्हणतात, पिपेखेरीज कोंगहौ ही वीणेहून वेगळी उभी हार्प, बासऱ्यांची जुडी, आडवी बासरी, कमरेत बारीक ढोलकी आणि शंख आहेत. वेगवेगळ्या मुलखांचा हा मेळ आहे. पुढे चीनच्या सुई घराण्याच्या (इ.स. 581-618) दरबारातल्या 7 संगीतविभागांत भारत, कुचा, बुखारा, कोरिया अशी खाती निरनिराळी होती. लोंगमेनच्या वानफो लेण्यात (इ.स. 680) वादक आणि नर्तकी भिंतींच्या तळाशी रांगेने कोरल्या आहेत, फोटो वरच्या बाजूचे घेतात म्हणून त्या सुटतात.

रंगाचं बोलायचं तर युनगांगच्या 9 ते 13 क्रमांकांच्या लेण्यांतला भडक निळा-लाल बहुतांशी छिंग काळातल्या (1644-1912) डागडुजीचा आहे. बाहेरच्या मोठ्या मूर्तींच्या अंगावरची ओळीने पडलेली भोकंही तशीच नंतरची: झिजलेल्या दगडावर मातीचा थर धरून राहावा म्हणून त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. माती गळाली, भोकं उरली.